समाजार्जित फुप्फुसशोथ : जंतुकारणांच्या शोधाचा इतिहास

फुप्फुसातील वायुकोश व त्यांभोवतालचे ऊतक यांना संसर्गामुळे येणाऱ्या तीव्र शोथास (दाहयुक्त सुजेस) फुप्फुसशोथ किंवा न्यूमोनिया म्हणतात. रुग्णालयाबाहेर, नित्याच्या व्यवहारात वावरत असताना हा विकार जडला, तर त्यास समाजार्जित फुप्फुसशोथ ही संज्ञा लावतात. रुग्णालयात दाखल झाल्यानंतर ४८ तासांनी किंवा त्याहून उशिरा उद्भवणारा तो रुग्णालयार्जित फुप्फुसशोथ होय. या दोहोंतील जंतू बहुधा भिन्न असल्याने हा भेद केवळ सोयीचा नसून उपचारांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. हुडहुडी भरून येणारा ताप, खोकला, गंजाच्या रंगाची किंवा पूमिश्रित थुंकी, श्वास घेताना छातीत उठणारी कळ व धाप ही या विकाराची परिचित लक्षणे होत. एरवी हवेने भरलेले वायुकोश स्रावाने व पेशींनी भरून गेल्यामुळे फुप्फुसाचा बाधित भाग यकृताप्रमाणे घट्ट होतो व क्ष-किरण चित्रात तो पांढुरका दिसतो.

फुप्फुसशोथ हे एका अवस्थेचे नाव आहे. ते कारणाचे नाव नव्हे. हिवताप किंवा क्षय या नावांबरोबर विशिष्ट सूक्ष्मजीवाचा निर्देश आपोआप होतो; तसा येथे होत नाही. एकच लक्षणसमूह निर्माण करणारे जंतू, व्हायरस व कवके यांची संख्या मोठी आहे आणि एकावर गुणकारी असलेले औषध दुसऱ्यावर निरुपयोगी ठरते. त्यामुळे कारण शोधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हाच पुष्कळ अंशी या विकाराचाही इतिहास आहे. त्यातील काही महत्त्वाची प्रकरणे महाराष्ट्रात घडली असून मराठवाडाही त्यांपासून अलिप्त राहिलेला नाही.

जंतुशास्त्रपूर्व काल : ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात या विकाराचे वर्णन आढळते. आयुर्वेदात या नावाचा स्वतंत्र रोग नसला, तरी ज्वर, कास, श्वास व पार्श्वशूल यांच्या वर्णनांत त्याची लक्षणे विखुरलेली दिसतात. फ्रेंच वैद्य रने लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथॉस्कोप तयार केला व १८१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, फुप्फुसात ऐकू येणारे ध्वनी आणि शवविच्छेदनात दिसणारे बदल यांची सांगड घातली. त्यामुळे जिवंत रुग्णातील विकृतीचे स्थान सांगणे शक्य झाले. तथापि थंडी, ओल व हवापालट हीच रोगाची कारणे मानली जात राहिली.

फुप्फुसगोलाणूचा शोध : या विकाराने मृत झालेल्यांच्या श्वासनलिकांत जंतू असल्याचे जर्मन विकृतिवैज्ञानिक एडविन क्लेप्स यांनी १८७५ मध्ये नमूद केले. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लूई पाश्चर व अमेरिकेत जॉर्ज मिलर स्टर्नबर्ग यांनी एकमेकांच्या नकळत एकाच जोडगोलाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. स्टर्नबर्ग यांनी हा जंतू मिळविला तो रुग्णापासून नव्हे, तर स्वतःच्या लाळेतून. ती सशांना टोचली असता ते दगावले. स्टर्नबर्ग मात्र निरोगी होते. निरोगी माणसाच्या घशात सुखेनैव राहणारा जंतूच दुसऱ्याच्या फुप्फुसात प्राणघातक ठरतो, ही गोष्ट अशा रीतीने आरंभीच दिसून आली. पुढील काळातील कारणनिश्चितीच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिच्यातच आहे.

बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांनी १८८२–८३ मध्ये फुप्फुसशोथाच्या रुग्णांत आढळणाऱ्या आवेष्टनयुक्त जंतूचे वर्णन केले, तर आल्बेर्ट फ्रेंकेल यांनी १८८४ नंतर आपल्याला आढळलेला जंतू वेगळा असल्याचे प्रतिपादन केले. दोघांत कडवा वाद झाला. फ्रीडलेंडर यांच्याच प्रयोगशाळेत काम करणारे डॅनिश वैद्य हान्स क्रिस्ट्यान ग्रॅम यांनी १८८४ मध्ये, फुप्फुसाच्या कापातील जंतू स्पष्ट दिसावेत म्हणून, अभिरंजनाची एक पद्धत योजिली. फ्रेंकेल यांचा जंतू या पद्धतीत रंग धरून ठेवतो (ग्रॅम-व्यक्त), तर फ्रीडलेंडर यांचा तो सोडून देतो (ग्रॅम-अव्यक्त), असे दिसून आले. जंतूंच्या वर्गीकरणाचा पाया ठरलेली ही पद्धत मुळात फुप्फुसशोथाच्या अभ्यासातून निघाली. व्हिएन्नाचे आंटोन व्हाइक्सेलबाउम यांनी १८८६ मध्ये १२९ रुग्णांच्या अभ्यासावरून बहुसंख्य रुग्णांत फ्रेंकेल यांचा जंतू व थोड्यांत फ्रीडलेंडर यांचा जंतू असल्याचे दाखविले. वाद मिटला तो दोघेही अंशतः खरे ठरून. पहिल्या जंतूस आज स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिई (फुप्फुसगोलाणू) व दुसऱ्यास क्लेब्सिएल्ला न्यूमोनिई म्हणतात.

मुंबईतील प्लेग : सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातील रुग्णांवरून डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. अलेक्झांडर येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये या रोगाचा जंतू शोधून काढल्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. काखेत किंवा जांघेत गाठ येणे हेच प्लेगचे लक्षण समजले जात असे. गाठ नसलेले व तीव्र फुप्फुसशोथाने दगावणारे रुग्ण साहजिकच साध्या न्यूमोनियाचे म्हणून नोंदले जात. मुंबईतील शवविच्छेदनांवरून इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर एल. एफ्. चाइल्ड यांनी अशा काही मृतांच्या फुप्फुसांत प्लेगचेच जंतू असल्याचे दाखवून दिले आणि १८९७ मध्ये या प्रकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. गाठीच्या प्लेगचा प्रसार मुख्यत्वे उंदरांवरील पिसवांमार्फत होतो; फुप्फुसी प्लेग मात्र खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांद्वारे थेट माणसाकडून माणसाकडे जातो व उपचार न झाल्यास जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. कारण ओळखण्यातील चूक येथे केवळ एका रुग्णापुरती मर्यादित राहत नसे. सारे घर व शुश्रूषा करणारे त्यात सापडत.

याच साथीत वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. १८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये स्थलांतरित झालेल्या या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. [⟶ प्लेग].

१९१८ ची इन्फ्ल्यूएंझा साथ : जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदी परिसरातील पोलीस शिपाई तापाने आजारी पडू लागले. ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट भीषण ठरली. मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक व हिंदुस्थानात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे या साथीत दगावली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९११ च्या जनगणनेत सु. १ कोटी ३४ लक्ष असलेली संस्थानाची लोकसंख्या १९२१ मध्ये सु. १ कोटी २५ लक्षांपर्यंत घटली. या घटीमागे इन्फ्ल्यूएंझा हे एक प्रमुख कारण होते. त्या वर्षी पावसाने दगा दिल्याने धान्यटंचाई होती व उपाशी शरीरांवर रोगाचा घाला अधिक खोल बसला.

त्या काळी इन्फ्ल्यूएंझाचे कारण म्हणून रिखार्ट प्फायफर यांनी १८९२ मध्ये वर्णिलेला दंडाणू पुढे केला जात असे. तो काही मृतांच्या फुप्फुसांत सापडे, काहींत सापडत नसे. फुप्फुसगोलाणू व इतर गोलाणू मात्र वारंवार आढळत. खरा कारक व्हायरस होता व मानवी रोगापासून तो वेगळा करण्यात विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूझ व पॅट्रिक लेडलॉ यांना १९३३ मध्ये यश आले. जतन करून ठेवलेल्या ऊतकांच्या व जुन्या शवविच्छेदन-नोंदींच्या आधारे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, बहुतेक मृत्यू व्हायरसाने श्वसनमार्गाच्या अस्तराची हानी केल्यानंतर शिरलेल्या जंतूंमुळे झाले. एकाच फुप्फुसशोथास दोन कारणे क्रमाने लागू असू शकतात, हा या साथीचा बोध होय. [⟶ इन्फ्ल्यूएंझा].

रक्तरस, लस व प्रतिजैव औषधे : विसाव्या शतकाच्या आरंभी फुप्फुसगोलाणूचे अनेक प्रकार असून एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर चालत नाही, हे कळून आले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर रुग्णालयात प्रकार ओळखून त्यानुसार घोड्याचा रक्तरस देण्याची पद्धती विकसित झाली. या काळात रुग्णाच्या थुंकीतील जंतूचा प्रकार तातडीने ठरविणे ही औपचारिकता नव्हती, तर त्यावरच उपचार अवलंबून असे. जंतूच्या या प्रकारांचा पाठपुरावा करीत असतानाच लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये एका प्रकाराचे दुसऱ्यात रूपांतर होते असे दाखविले. त्याचा उलगडा ऑस्वल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड व मॅक्लिन मकार्टी यांनी १९४४ मध्ये करून डीएनए हे आनुवंशिकतेचे द्रव्य असल्याचे सिद्ध केले.

लसीचा इतिहास मात्र कामगार वस्त्यांशी निगडित आहे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत दूरच्या खेड्यांतून भरती झालेले तरुण मजूर दाटीच्या बराकींत राहत व पहिल्या काही महिन्यांतच फुप्फुसशोथाने मोठ्या संख्येने मरत. खाणमालकांच्या निमंत्रणावरून आमरॉथ राइट यांनी १९११ मध्ये तेथे लसीचे प्रयोग केले. पण जंतूच्या प्रकारांचा विचार न केल्याने त्यांना निर्णायक यश आले नाही. स्पेन्सर लिस्टर यांनी प्रकारनिहाय लस बनवून ते काम पुढे नेले. अमेरिकन वैद्य रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी १९७० नंतरच्या दशकात याच खाणींतील कामगारांवर केलेल्या चाचण्यांतून १४ प्रकारांविरुद्धची लस १९७७ मध्ये व त्यानंतर २३ प्रकारांविरुद्धची लस १९८३ मध्ये प्रचारात आली.

दरम्यान रासायनिक औषधांनी रक्तरस मागे टाकला. १९३८ मध्ये बर्मिंगहॅम येथे सल्फापिरिडीन दिलेल्या १०० रुग्णांपैकी ८, तर ते न दिलेल्या १०० पैकी २७ रुग्ण दगावले. पाठोपाठ पेनिसिलीन आले. भारतात पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीची स्थापना १९५४ मध्ये झाली व १९५५ पासून तेथे पेनिसिलिनाचे उत्पादन सुरू झाले. औषध स्वस्त व प्रभावी झाल्यावर जंतू ओळखण्याची निकड उरली नाही. थुंकीचे अभिरंजन व प्रकारनिश्चिती ही कौशल्ये हळूहळू मागे पडली.

अप्रारूपिक फुप्फुसशोथ : सल्फा औषधांना व पेनिसिलिनाला दाद न देणारे रुग्णही होते. १९३८ मध्ये होबार्ट राइमन यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले व या प्रकारास अप्रारूपिक (नेहमीच्या नमुन्याशी न जुळणारा) म्हटले जाऊ लागले. मन्रो ईटन यांनी १९४४ मध्ये वर्णिलेला त्याचा एक कारक बराच काळ व्हायरस समजला गेला. रॉबर्ट चॅनॉक व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये तो कृत्रिम माध्यमावर वाढवून दाखविल्यावर तो कोशिकाभित्ती नसलेला सूक्ष्मजीव असल्याचे निश्चित झाले. हाच मायकोप्लाझ्मा न्यूमोनिई होय. पेनिसिलीन जंतूच्या भित्तीच्या बांधणीवर आघात करते. ज्याला भित्तीच नाही, त्याच्यावर ते चालणार नाही हे उघड आहे.

जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर फुप्फुसशोथाचा उद्रेक होऊन ३० हून अधिक जण दगावले. अनेक महिने कारण सापडेना; विषारी धातू व वायू यांचाही संशय घेतला गेला. अखेर जोसेफ मॅक्डेड यांनी त्या वर्षअखेरीस आपल्या जुन्या नमुन्यांकडे पुन्हा वळून लीजनेला हा जंतू शोधून काढला. तो कोमट पाण्यात वाढतो व वातानुकूलन यंत्रणा, शीतकरण मनोरे, फवारे यांतून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. माणसाने उभारलेल्या यंत्रणेत रोगाचे मूळ असू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे. पुढे क्लॅमिडिया न्यूमोनिई, तसेच १९८१ नंतर एड्सच्या रुग्णांत आढळणारे न्यूमोसिस्टिस हे कवक यांची भर पडून कारणांची यादी लांबत गेली.

मराठवाडा, १९९४ : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वर्षभराने बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला व लोकांना ताप येऊन गाठी उठू लागल्या. गाठीच्या प्लेगचे निदान झाले. सप्टेंबर १९९४ मध्येच सुरत येथे तीव्र फुप्फुसशोथाने मृत्यू होऊ लागले व फुप्फुसी प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले कामगारही होते. टेट्रासायक्लिनाच्या गोळ्या बाजारातून नाहीशा झाल्या.

रोग प्लेगच होता किंवा कसे यावर तज्ञांत तीव्र मतभेद झाले. मेलिऑइडोसिस व इतर संसर्गांची नावे पुढे आली. नमुने वेळेवर न घेणे, ते घेण्यापूर्वीच प्रतिजैव औषधे सुरू होणे व जिल्हा पातळीवर संवर्ध करण्याची सोय नसणे ही मतभेदाची खरी कारणे होती. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्लेगचाच निष्कर्ष काढला व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक परीक्षणाने मिळालेले जंतू प्लेगचेच असल्याचे स्पष्ट झाले. मुंबईत १८९७ मध्ये शवविच्छेदनाने जे ठरविता आले, ते ठरविण्यास शंभर वर्षांनंतर अधिक कालावधी लागला.

नवे व्हायरस व वाळूज : श्वसनमार्गाच्या व्हायरसांचा अभ्यास महाराष्ट्रात पुणे येथील संस्थेत होत आला आहे. १९५२ मध्ये व्हायरस संशोधन केंद्र म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेचे १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे नामांतर झाले. २००९ मध्ये नव्या एच१एन१ इन्फ्ल्यूएंझाचा भारतातील पहिला मृत्यू पुण्यात ३ ऑगस्ट रोजी नोंदला गेला. मार्च २०२० मध्ये याच संस्थेने सार्स-कोव्ह-२ हा व्हायरस भारतीय रुग्णांपासून वेगळा केला.

वाळूज हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यातील, शहरापासून पुण्याकडे जाणाऱ्या मार्गावरील गाव. १९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे वाढली. वाहननिर्मिती, सुटे भाग व औषधे यांचे कारखाने आले आणि बजाजनगर, पंढरपूर, रांजणगाव शेणपुंजी व जोगेश्वरी या भागांत कामगारांची दाट वस्ती झाली. मराठवाड्याच्या कोरडवाहू खेड्यांतून व परप्रांतांतून आलेले तरुण एका खोलीत अनेकजण राहतात व पाळ्यांनी काम करतात. आफ्रिकेतील खाणींच्या बराकींशी ही परिस्थिती सर्वस्वी जुळत नसली, तरी नवागतांची दाटी हा दोहोंतील समान दुवा आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदी शिथिल होऊन कारखाने पुन्हा सुरू झाल्यावर वाळूज परिसरात करोना व्हायरसाचा संसर्ग वेगाने पसरला. एका मोठ्या कारखान्यातच दोनशेहून अधिक कामगार बाधित झाले. १० ते १८ जुलै २०२० या काळात शहर व वाळूज परिसर पुन्हा कडक टाळेबंदीखाली आला. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या व ‘घाटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयावर जिल्ह्याचाच नव्हे, तर आसपासच्या जिल्ह्यांचाही भार पडला. याच साथीत एक विलक्षण गोष्ट घडली : इतिहासात प्रथमच फुप्फुसशोथाच्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या कारणाची चाचणी झाली व तीही जिल्ह्याच्या ठिकाणी. मात्र ती एकाच व्हायरसापुरती होती. व्हायरसावर परिणाम न करणारी ॲझिथ्रोमायसीनसारखी औषधे तेव्हाही मोठ्या प्रमाणावर दिली गेली.

कारणनिश्चितीची आजची स्थिती : अमेरिकेतील शिकागो व नॅशव्हिल येथील पाच रुग्णालयांत २०१० ते २०१२ या काळात समाजार्जित फुप्फुसशोथासाठी दाखल झालेल्या प्रौढांचा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. उपलब्ध सर्व आधुनिक पद्धती वापरूनही २,२५९ रुग्णांपैकी केवळ ३८% रुग्णांत कारक सापडला. २३% रुग्णांत व्हायरस, ११% मध्ये जंतू, ३% मध्ये दोन्ही व १% मध्ये कवके किंवा क्षयाच्या गटातील जंतू आढळले. सर्दीस कारणीभूत होणारा ऱ्हायनोव्हायरस ९%, इन्फ्ल्यूएंझा व्हायरस ६% व एके काळी बहुसंख्य रुग्णांचे कारण असलेला फुप्फुसगोलाणू केवळ ५% रुग्णांत मिळाला.

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. मुलांना दिल्या जाणाऱ्या लसीमुळे प्रौढांतही फुप्फुसगोलाणूचा प्रसार घटला, हे एक कारण. परंतु रुग्णालयात येण्यापूर्वीच घेतलेल्या औषधामुळे संवर्धात जंतू न वाढणे, खोल खोकल्यातील थुंकी न मिळणे व फुप्फुसातून थेट नमुना घेणे क्वचितच शक्य असणे ही कारणेही तितकीच खरी आहेत. उलट नाकाघशात व्हायरस सापडला, म्हणजे तोच फुप्फुसातील विकृतीस जबाबदार आहे असे ठरत नाही. स्टर्नबर्ग यांच्या लाळेने उपस्थित केलेला प्रश्न असा अजून शिल्लक आहे.

भारतात प्रौढांतील जंतुजन्य प्रकारात फुप्फुसगोलाणूचे स्थान प्रमुख आहे. मधुमेही, मद्यासक्त, वृद्ध व चिरकारी श्वसनविकाराचे रुग्ण यांत क्लेब्सिएल्ला व इतर ग्रॅम-अव्यक्त दंडाणू तुलनेने अधिक आढळतात. इन्फ्ल्यूएंझानंतर पुंजगोलाणूचा (स्टॅफिलोकॉकस ऑरियस) फुप्फुसशोथ होऊ शकतो. किनारपट्टीवर पावसाळ्यात माती व चिखलाशी संबंध येणाऱ्या मधुमेही व्यक्तींत मेलिऑइडोसिसचा विचार करावा लागतो. भारतातील विशेष म्हणजे क्षयाचा जंतूही कधीकधी तीव्र फुप्फुसशोथाचे रूप घेऊन येतो. क्विनोलोन गटातील औषधांनी अशा रुग्णास काही दिवस बरे वाटते व क्षयाचे निदान लांबते. म्हणून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय छातीरोगतज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत या औषधांचा प्रथम वापर टाळावा असे सुचविले आहे. दाखल केलेल्या रुग्णास बीटा-लॅक्टम गटातील औषध व त्याच्या जोडीस मॅक्रोलाइड गटातील औषध देण्याची शिफारस त्यांत आहे. पहिले फुप्फुसगोलाणूसाठी व दुसरे मायकोप्लाझ्मा, लीजनेला यांसारख्या अप्रारूपिक सूक्ष्मजीवांसाठी असते. कारण अज्ञात असताना दोन्ही शक्यता गृहीत धरण्याची ही तडजोड होय.

औषधप्रतिकार व नवे औषध : अंदाजाने केलेल्या उपचारांची किंमत जंतूंच्या वाढत्या प्रतिकारात मोजावी लागते. पेनिसिलिनास कमी दाद देणारे फुप्फुसगोलाणू १९६७ मध्ये नोंदले गेले, तर अनेक औषधांना न जुमानणारे १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आढळले. १९५२ पासून वापरात असलेल्या एरिथ्रोमायसिनापासून पुढे ॲझिथ्रोमायसीन निघाले व त्याच्या अतिरेकी वापरामुळे मॅक्रोलाइडांनाही प्रतिकार वाढला. ही औषधे जंतूच्या रायबोसोमाला चिकटून प्रथिननिर्मिती रोखतात. प्रतिकारक्षम जंतू चिकटण्याची ती जागाच बदलून टाकतो. किटोलाइड या उपगटातील औषधे एकाऐवजी दोन जागी चिकटतात, त्यामुळे एक जागा बदलली तरी त्यांचा परिणाम पूर्णतः नाहीसा होत नाही. यांपैकी टेलिथ्रोमायसीन यकृतावरील दुष्परिणामांमुळे मागे पडले.

याच वाटेवरील नॅफिथ्रोमायसीन या औषधाचा विकास वोक्हार्ट या कंपनीने केला. तिचे संशोधन केंद्र छत्रपती संभाजीनगर येथील चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत आहे. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्यक परिषदेचा त्यास हातभार लागला. सु. चौदा वर्षांच्या कामानंतर २० नोव्हेंबर २०२४ रोजी ते दिल्लीत सादर करण्यात आले. प्रौढांतील समाजार्जित जंतुजन्य फुप्फुसशोथासाठी ते दिवसातून एकदा याप्रमाणे तीन दिवस देतात. देशात विकसित झालेले हे पहिले मॅक्रोलाइड-वर्गीय प्रतिजैव औषध मानले जाते. त्याचे महत्त्व मान्य करूनही त्याची मर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे : व्हायरसावर ते चालत नाही, क्लेब्सिएल्लासारख्या दंडाणूंविरुद्ध त्याचा उपयोग नाही व क्षयाच्या निदानाला ते पर्याय नाही. कारण न पाहता ते सर्रास वापरल्यास त्याचीही गत पूर्वीच्या औषधांसारखीच होईल.

प्रतिबंध : पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली दहा प्रकारांविरुद्धची फुप्फुसगोलाणू-लस डिसेंबर २०२० मध्ये सादर झाली. बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात या जंतूविरुद्धच्या लसीचा समावेश २०१७ पासून टप्प्याटप्प्याने व २०२१ पासून देशभर करण्यात आला आहे. प्रौढांत वृद्ध, मधुमेही, हृदय व श्वसन यांचे चिरकारी विकार असलेल्या व्यक्ती यांना ही व इन्फ्ल्यूएंझाची लस उपयुक्त ठरते. वेल्डिंग करणाऱ्या कामगारांत धातूच्या धुरामुळे फुप्फुसशोथाचा धोका वाढतो व ते काम सोडल्यावर तो ओसरतो, असे ब्रिटनमधील मृत्युनोंदींच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्या देशात अशा कामगारांना फुप्फुसगोलाणूची लस देण्याची शिफारस पुढे करण्यात आली. वाहनांचे सांगाडे व सुटे भाग जोडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या वाळूजसारख्या वसाहतींच्या दृष्टीने ही बाब विशेष लक्षणीय आहे. धूर बाहेर खेचणारी योजना, शीतकरण मनोऱ्यांची नियमित सफाई, राहत्या खोल्यांतील वायुवीजन व धूम्रपानाचा त्याग हे उपाय कारक जंतू कोणताही असला तरी लागू पडतात. दाखल झालेल्या रुग्णाबाबत मात्र औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वी, तिला विलंब न लावता, रक्त व थुंकी यांचे नमुने घेणे आणि ते तपासणारी प्रयोगशाळा जवळ असणे याला पर्याय नाही. १८९७ ची मुंबई व १९९४ चे मराठवाडा या दोहोंच्या अनुभवांवरून हेच सिद्ध होते.